काया रंग

दुकानातला केक खाल्ला की माझ्या नातीच्या अंगावर गांधी उठतात. पाठीवर, मानेवर, एकदा तर पापण्यांवरसुद्धा उठल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हे रंगाचं आहे, बाजारचे रंग तिला द्यायचे नाहीत. आणि पोरीला नेमका हवा असतो काळा केक. गुलाबी नको, पांढरा नको, चॉकलेटचा तपकिरीही चालत नाही. काळाकुट्ट पाहिजे आणि त्यावर पांढऱ्या चांदण्या. हे खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं कोण जाणे. वाढदिवसाला काळं काय मागतेस, म्हणून मी एकदा रागावलोही होतो. माझी बायको मात्र काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि दुसऱ्या दिवशी तिनं काळा केक पुढं ठेवला. बाजारच्या रंगाचा एक थेंब त्यात नव्हता. पुढं दर वर्षी ती तो करत राहिली.

बायको गेली त्याला दहा महिने झाले होते तेव्हा नातीचा फोन आला. फोन तिच्या आईचा, म्हणजे माझ्या मुलीचा, पण बोलत होती नात.

"आजोबा, या वर्षी माझा केक कोण करणार?"

"मी करणार," मी म्हणालो. का म्हणालो, ते मला आजही सांगता येणार नाही. मला चहासुद्धा धड जमत नव्हता.

"मग आम्ही बुलढाण्याला येतो!"

मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, राहू द्या. तुम्हाला नाही जमायचं. तिला उगीच आशा लावू नका."

"जमेल. तुम्ही या तर खरं."

तिनं फोन पोरीकडून घेतला. मग म्हणाली, "आईच्या केकसारखा काळा झाला तर शनिवारी फोटो पाठवा. मग रविवारी निघू आम्ही."

मुलगी नाशिकला असते. आईचं सगळं झाल्यावर ती जी गेली, ती पुन्हा घरी आली नव्हती. आमचं भांडण झालेलं नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं, आणि ती माझ्याशी औषध घेतलं का, जेवलात का, याच्यापुढं बोलतच नसे. त्यामुळे केक काळा होणं आणि माझं माणूस घरी येणं, या दोन गोष्टी माझ्यासाठी एकच होऊन बसल्या. हातात आठ दिवस होते.

मी कोण, तेही सांगितलं पाहिजे. मी मराठीचा मास्तर. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. जन्म सुलतानपूरचा, घरात शिकलेला पहिला मीच. तरुणपणी प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो तेव्हा वर्गात उभा राहून म्हणालो, "मले येते ह्याचं उत्तर." अख्खा वर्ग हसला. शिकवणारेही हसले. उत्तर बरोबर होतं, पण ते कोणी ऐकलंच नाही. त्या दिवशी खोलीवर येऊन मी ठरवलं की हे 'मले' आणि 'तुले' मेलं पाहिजे. आणि मी ते मारलं. सहा महिन्यांत मी असं बोलायला लागलो की लोकांना मी सदाशिव पेठेतला वाटायचो.

लग्न झालं ते मोताळ्याकडच्या मुलीशी. सातवीपर्यंत शिकलेली, चटपटीत, आणि बोलणं थेट मातीतलं. आमच्याकडे ळ चा य होतो. ती शाळेला 'शाया' म्हणायची, केळीला 'केयी', डोळ्यांना 'डोये'. बाई असून 'मी येतो', 'मी करतो' म्हणायची, आमच्याकडे बायका म्हणतात तसं. मला ते सहन व्हायचं नाही. मी मराठीचा मास्तर आणि माझ्या घरात 'गूय'! पाहुण्यांसमोर मी तिला थांबवायचो. "गूळ. जीभ वर टाळूला लाव. म्हण, गूळ." ती म्हणायची. पाहुणे हसायचे, मीही हसायचो. पुण्यात माझ्यावर हसलेली माणसं मी विसरलो नव्हतो, पण इथं हसणाऱ्यांत मीच पहिला होतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. हळूहळू ती घरात कमी बोलू लागली. मला वाटलं, वय झालं, शांत झाली. मला शांतता आवडायची. मी पेपर वाचायचो.

मुलगी शिकायला बाहेर पडल्यावर ती केक करायला लागली. आधी कुकरमध्ये मीठ घालून, मग छोटी भट्टी घेऊन. वस्तीतले वाढदिवस, विहारातले कार्यक्रम, कोणाची पोरगी पास झाली, सगळीकडे तिचाच केक जायचा. बायका मागच्या दारानं यायच्या आणि तिथंच बोलत बसायच्या. मी पुढच्या खोलीत असायचो.

तिची केकची वही मला भट्टीवरच्या फळीवर सापडली. तेलाचे डाग पडलेली, कोपरे दुमडलेली. उघडली आणि माझंच अक्षर समोर आलं. लाल शाईतलं.

मी विसरूनच गेलो होतो. काही वर्षांपूर्वी, पहिल्या काळ्या केकनंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मला काम नव्हतं म्हणून मी तिची वही तपासून दिली होती. ती मागत नव्हती. मीच घेतली. बोलावं तसं लिहिलं होतं तिनं, आणि मी प्रत्येक य वर काट मारून ळ केला होता. 'तीय' चं तीळ, 'केय' चं केळ, 'सकायी' चं सकाळी. प्रत्येक पानाखाली बरोबरची खूण आणि शेवटच्या पानावर सही, तारखेसकट. मुलांच्या वह्यांवर करायचो तशीच. त्या सहीनंतर वहीत एकही नवं पान लिहिलेलं नव्हतं. मागची अर्धी वही कोरी होती.

पान मिळालं. वर 'काया रंग' असं लिहिलं होतं, अर्थात मी ते 'काळा रंग' केलं होतं. खाली माझ्या दुरुस्त्यांसकट मजकूर असा:

"पांढरं लोणी, पिठीसाखर. कोको चार चमचे. काळे तीळ भाजून तेल सुटेपर्यंत वाटायचे. कोळ बारीक, दोन चमचे. लगेच काळा होत नाही. ठेवून द्यायचं. सकाळी पाहायचं."

कोळ म्हणजे चिंचेचा, हे कोणालाही कळेल. स्वयंपाकघरात कोळ दुसरा कशाचा असतो? जुनी चिंच काळीच असते, म्हणजे रंगही जुळत होता. मी बाजारातून जुनी चिंच आणली, भिजवली, कुस्करली, गाळली. 'बारीक' म्हणजे बारीक गाळणीनं, असा अर्थ लावला. मास्तर माणसाला अर्थ लावायला फार वेळ लागत नाही.

पहिल्यांदा लोणी फाटलं. पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. दुसऱ्यांदा चिंच दाट केली, तरी फाटलंच, आणि रंग आला पावसाळ्यात ओढ्याला येतो तसा. वहीत लिहिल्याप्रमाणे ठेवून दिलं आणि सकाळी पाहिलं. सकाळी ते आणखी मातकट झालं होतं. तिसऱ्यांदा मी कोको दुप्पट घातला. तपकिरी झालं, कडू झालं आणि आंबट तर होतंच. मग मला राग आला. केकचा नाही, तिचा. मी रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणालो, "नीट लिहून ठेवायला काय झालं होतं?" माझाच आवाज ऐकून मला कसंतरी झालं. मी त्या दिवशी जेवलो नाही.

गुरुवारी सकाळी भाजीवाली आली. देऊळघाटची बाई, स्वतःच्या मळ्यातली भाजी हातगाडीवर आणते. बायकोला ती मावशी म्हणायची, दोघींचं फार जमायचं. तसं माझ्याशी ती वजन आणि भाव एवढंच बोलायची, पण त्या दिवशी माझ्या हाताला लागलेलं तपकिरी लोणी बघून तिनं विचारलं, "हे काय करून राह्यले, गुरुजी?"

मी सांगितलं. नात, केक, रविवार, सगळंच सांगून टाकलं. दहा महिन्यांत एका दमात एवढं मी कोणाशीच बोललो नव्हतो. ती आत आली, बोटानं चाटून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे आंबट काऊन हाय?"

"चिंचेचा कोळ आहे त्यात."

"चिंच? केकात? कोणं सांगतलं तुम्हाले?"

"वहीत लिहिलंय," मी जरा ताठ्यानंच म्हणालो आणि वही तिच्यापुढं धरली. तिला वाचता येत नव्हतं. म्हणून मी वाचून दाखवलं, "कोळ बारीक, दोन चमचे."

"तसं नाई जी. मावशी त कोय टाके."

"तेच म्हणतोय मी. तुम्ही लोक कोय म्हणता, तो शब्द कोळ आहे."

तिनं बोट पदराला पुसलं. मग सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं तिनं सांगितलं. "गुरुजी, कोय. आंब्याची कोय. आंबा खाल्ला का आत राह्यते ते. मावशी उन्हायाभर कोया जमा करे. माह्याच वावरातल्या नेल्या तिनं. फोडे, आतला गर चुलीत काया ठिक्कर भाजे, कुटे, अन् कपड्यातून चाये. म्हणून त तो रंग ये."

मी चष्मा पुसला आणि वही खिडकीशी नेली. माझ्या लाल काटेखाली तिचं निळं अक्षर अजून दिसत होतं. कोय. अख्ख्या वहीत तिचे शेकड्यांनी य मी ळ केले होते आणि त्यात एक य असा होता, जो य च होता. शब्दकोशात आहे तसा, पुण्यात म्हणतात तसा. तोही मी कापला होता. वर बरोबरची खूण केली होती.

तिला तर ते माहीत होतं. लाल शाई बघितली तेव्हाच तिला कळलं असणार की मास्तर चुकला. ती काही बोलली नाही. बोलली असती तर मी काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे. मी म्हणालो असतो, तुला काय कळतं.

"कोया कुठंय?" बाईनं विचारलं. "पोतं भरून होत्या न मागल्या खोलीत."

मीच फेकल्या होत्या. बायको गेल्यावर महिन्याभरानं घर आवरलं तेव्हा ते पोतं कचऱ्याच्या गाडीत टाकलं होतं. ही बाई पण काय काय साठवायची, असं मनात म्हणतच टाकलं होतं.

तिच्या मळ्यात झाडाखाली थोड्या पडलेल्या असतील, असं ती म्हणाली. शुक्रवारी तिनं पदरात बांधून बावीस कोया आणल्या. अर्ध्या किडलेल्या निघाल्या. उरलेल्या मी मागच्या ओट्यावर बसून हातोडीनं फोडल्या. गॅसवर भाजायला निघालो तर ती म्हणाली, "तसं नाई होत, धग आतवर लागली पाह्यजे," आणि स्वतःच तीन विटा मांडून तिनं चूल पेटवून दिली. गर निखाऱ्यात टाकला. आधी भाजलेल्या शेंगांसारखा वास आला, मग करपल्याचा. मला वाटलं, आता काढावा. "थांबा," ती म्हणाली. "आतून काया झाला पाह्यजे." पुढं तो वासही गेला तेव्हा तिनं चिमट्यानं एकेक तुकडा काढला. थंड झाल्यावर खलबत्त्यात कुटला. बायकोची एक जुनी मलमलची ओढणी होती, तिच्यातून चाळला. दोन चमच्यांपेक्षा किंचित जास्त निघाला. माझे हात, नाक, सदरा सगळं काळं झालं होतं. बाई हसली आणि गाडी घेऊन निघून गेली.

संध्याकाळी मी लोणी फेटलं, साखर, कोको, तिळाचं वाटण आणि शेवटी ती भुकटी घातली. रंग आला पारव्याच्या पाठीसारखा राखाडी. माझा धीर सुटायला लागला. मग वही उघडली आणि या वेळी लाल शाई सोडून खालचं वाचलं. लगेच काया होत नाई. ठेवून द्याचं. सकायी पाह्यचं. ते मी मोठ्यानं वाचलं, जसं लिहिलं तसं. चाळीस वर्षांनी माझी जीभ तिकडं वळली. अडखळली, पण वळली. घरात कोणी ऐकायला नव्हतं.

शनिवारी सकाळी झाकण काढलं. काळा होता. काजळासारखा, मऊ आणि गच्च. मी भांडं धरून ओट्याशी उभा राहिलो आणि रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. फोटो पाठवला. दोन मिनिटांत मुलीचं उत्तर आलं: "निघतो उद्या सकाळी."

केक मात्र भाजीवालीच्या सुनेनं भाजून दिला, तेवढं माझ्याच्यानं झालं नसतं. रंग मी चढवला. वाकडातिकडा. चांदण्या किसलेल्या खोबऱ्याच्या.

रविवारी दुपारी दोघी आल्या. नातीनं केक पाहिला, बोट घातलं, चाखलं आणि म्हणाली, "हाच!" तिचे दात काळे झाले, जीभ काळी झाली, ती आरशात जाऊन बघून आली. गांधी उठल्या नाहीत. मुलीनं छोटा तुकडा घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. मग विचारलं, "कोय तुम्हाला कोणी सांगितली?"

म्हणजे तिलाही माहीत होतं. मी तिला सगळं सांगितलं. चिंच, लाल शाई, सही, फेकलेलं पोतं. ती आधी हसली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, आई फोनवर याच्यावर किती हसली होती, तुम्हाला माहीत नाही. 'तुह्या बाबानं कोयीचा कोळ केला,' म्हणून."

"हसायची ती?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

मुलगी ताटल्या उचलायला लागली. नात बोलली. "आजोबा, आजी खूप बोलायची. आईच्या फोनमध्ये तिचे कितीतरी आवाज आहेत. लावू?"

"नको," मुलगी म्हणाली. पण पोरीनं लावलाही होता.

खोलीत एक बाई बोलायला लागली. भराभर, खणखणीत, मध्येच स्वतःच्याच बोलण्यावर हसत. "आयक आता. काल कोया फोडून राह्यली होती, त हातोडी बसली बोटावर. मी अशी बोंबलली का शेजारची म्हैस दावं तोडून पयाली! खरं सांगतो! मंग मी अन् शेजारीण, दोघी म्हशीच्या मांगं..." आणि ती इतकी हसली की पुढचं कळेना. मी चाळीस वर्षं या बाईबरोबर राहिलो होतो आणि हे हसणं मला ओळखू आलं नाही. मग ती एकदम थांबली. हळू आवाजात म्हणाली, "फाटक वाजलं. तुहे बाबा आले वाट्टे. ठेवतो."

नातीनं दुसरा लावला. त्यात ती भाजीवालीच्या सुनेची नक्कल करत होती. तीन-चार मिनिटं. शेवटी पुन्हा, "आले. ठेवतो." तिसऱ्यात कसलीशी रेसिपी सांगत होती, तीही अर्धी राहिली. "थांब, आले ते."

मुलीनं फोन घ्यायला हात पुढं केला. "पुरे गं," ती म्हणाली.

"राहू दे," मी म्हणालो. "लाव अजून."

चौथ्यात ती गुणगुणत होती. पोरीला झोपवायचं काहीतरी, मोताळ्याकडचं, मी कधी न ऐकलेलं. फाटकाची कडी वाजली तशी ती गप्प झाली. पण या वेळी बटण दाबायचं राहून गेलं असावं, कारण पुढंही ऐकू येत होतं. माझ्या चपला. माझं खाकरणं. मग माझा आवाज, "कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशीच नाही," ती म्हणाली. "केळी आणलीत का?"

केळीतला ळ अगदी स्वच्छ होता.